बघा यांचं

निवडणूक हरल्यावर फोन एकदम बंद होत नाही. आधी तो उशिरा वाजायला लागतो, मग चुकून वाजतो. गोरेगावातल्या माझ्या ऑफिसवर बोर्ड अजून आहे. 'आमदार'च्या आधी 'माजी' घालायला जागाच नव्हती, रंगाऱ्याने ते बारीक अक्षरात कोपऱ्यात बसवलंय. आत मी आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. पूर्वी कमी पडायच्या म्हणून मंडळाकडून मागवायचो. आता एकात एक घालून भिंतीला लावून ठेवल्यात.

त्या खुर्च्या पहिल्यांदा मांडल्या त्या माझ्या मित्राने. एकाच चाळीत वाढलो आम्ही, दोघांचेही बाप गिरणीतले. मी नगरसेवक झालो तेव्हा ऑफिस तोच बघायचा. लोक रांग लावायचे आणि मला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. एकदा तो वैतागला.

"अरे, सगळ्यांना हो म्हणतोस, निस्तरायचं कुणी? तुझ्या बापाने?"

"मग तोंडावर नाही म्हणू?"

"नाही म्हणायचंच नाही रे. 'करा यांचं' म्हणालास तर मी काम करीन. 'बघा यांचं' म्हणालास तर चहा पाजून वाटेला लावीन. समोरचा दोन्हीकडे खूशच!"

मी खो खो हसलो. तीच आमची बोली झाली. पुढे मी आमदार झालो, मंत्रालयात इंग्रजी पत्रं लिहिणारा पीए ठेवला. ही बोली त्यालाही मित्रानेच शिकवली, आणि मग मित्र मुकाट्याने ऑफिस सोडून दुसरीकडे नोकरीला लागला. रागावला असेल. मी विचारलं नाही.

त्याची आई, आमची काकी. प्रचाराच्या दिवसांत माझं जेवण तिच्याकडेच. मी आमदार झालो तरी तिची जीभ तीच. "आमदार झालंस म्हणान ताटात टाकूचा नाय हां, मेल्या." सगळी पोरं माना खाली घालून हसायची. मी ताट चाटूनपुसून साफ करायचो.

मग आमची चाळ पुनर्विकासात गेली. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर लोकांना मुलुंडला तात्पुरत्या खोल्या देत होता. दूरच्या लाईनवरचं मुलुंड म्हणजे आमच्या बायकांना परगाव. मोजक्या खोल्या इथे गोरेगावातही होत्या. मित्र ऑफिसात आला, लोकांमध्ये बसून राहिला, नंबर आल्यावर उठला.

"आईला इथली एक खोली मिळाली तर बघ ना रे. तिला तिकडे कुणी ओळखीचं नाही. दिवसभर बोलणार कुणाशी?"

एका फोनचं काम होतं. पण त्या खोल्या मी आधीच दुसऱ्यांना कबूल केल्या होत्या. ज्यांच्या मागे गल्लीच्या गल्ली मतं होती, त्यांना. मित्राच्या घरातली मतं माझीच होती, ती कुठे जाणार? खरं सांगून टाकता आलं असतं. चिडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि काकीसाठी दुसरं काही शोधलं असतं आम्ही. मी पीएकडे बघितलं आणि म्हणालो, "बघा यांचं."

तोंडून गेल्यावर कळलं, मी कुणासमोर बोललो ते.

पीएने चहा मागवला. मित्राने तो पूर्ण संपवला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "येतो साहेब." जन्मात पहिल्यांदा साहेब.

काकी मुलुंडलाच गेली. मी तिकडे एकदाही फिरकलो नाही. नवी इमारत तिने पाहिली नाही. मयताला मी गेलो, मतदारसंघातल्या प्रत्येक मयताला उभा राहायचो तसाच हात जोडून उभा राहिलो. कार्यकर्ता कानात म्हणाला, "साहेब, निघायचं? पुढे लग्न आहे." निघताना मी मित्राला म्हणालो, "खोलीचं पीए विसरला रे." तो नुसता मान हलवून बाजूला झाला.

खोलीपेक्षाही हे खोटं मला जास्त खातं. सत्ता होती तोवर कधी आठवलं नाही, हेही खरं. आता संध्याकाळी 'अरे' म्हणणारं कुणी नाही. बायको गेली, मुलगी परदेशात. भेटतात ते साहेब म्हणतात आणि घड्याळाकडे बघतात.

गेल्या महिन्यात त्याच्या नव्या घरी गेलो. न कळवता, एकटाच. त्याने दार उघडलं.

"या साहेब. बसा."

पाणी दिलं, पंखा वाढवला. भिंतीवर काकीचा हार घातलेला फोटो. मी म्हणालो, "पीए विसरला नव्हता. मीच..."

"माहितीय," तो म्हणाला. "बोली माझीच होती ना."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"चहा प्यायलो की तुमचा." तो जरासा हसला. "आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, मेल्याक कामां खूप, इलो नाय."

हे मला ठाऊक नव्हतं. तिने माझी बाजू घेतली होती.

तो लिफ्टपर्यंत सोडायला आला. मी म्हटलं, "तू तरी साहेब म्हणू नकोस रे. ऑफिसला ये ना एखाद्या संध्याकाळी. मी एकटाच असतो."

लिफ्टचं दार धरून तो अगदी आपुलकीने म्हणाला, "हो, बघतो ना."

खाली वॉचमनने उठून सलाम केला. तेवढ्यानेही मला बरं वाटलं, तेही सांगून टाकतो. ऑफिसात आलो आणि भिंतीजवळच्या खुर्च्यांतून एक ओढून काढली, माझ्यासमोर मांडली. ती तशीच आहे.