आधी भूमिती

वर्गात शिरण्याआधी सर दारातच थांबायचे. एक हात डोक्यावर सरळ उभा धरायचे, दुसरा बाजूला आडवा ताणायचे आणि विचारायचे, "मी कोन?"

"काटकोन!" सगळा वर्ग ओरडायचा.

आडवा हात थोडा वर जायचा. "आता मी कोन?"

"लघुकोन!"

मग तो हात खाली झुकायचा आणि पोरांनी "विशालकोन" म्हणायच्या आत सर तोल गेल्यासारखे चौकटीवर आदळायचे. आमच्या भागात ण आणि न यांत कुणी फारसा भेद करत नाही. सरांनी त्याचा भूमितीसाठी फायदा करून घेतला होता.

परळीपासून गाडीवर अर्ध्या तासावर आमची शाळा. मी दुसरी-तिसरीला शिकवायचे, ते चौथी-पाचवीला. दोन्ही वर्गांच्या मधे पत्र्याचं पार्टिशन. त्यांचा तास मला अख्खा ऐकू यायचा आणि माझा त्यांना. माझ्याकडून पाढा म्हणताना चूक झाली की पलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. मी पाढा दुरुस्त केला की खोकला थांबायचा.

माणूस उंच, किरकोळ अंगाचा. वडिलांचं परळीत मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं, त्यामुळे हाताला सतत काहीतरी उघडून बघायची सवय. शाळेचा पंखा, घंटा, माझ्या डब्याचं बिघडलेलं झाकण, सगळं त्यांनी कधी ना कधी खोललेलं होतं. त्यातलं निम्मं नीट झालं.

त्यांची मुलगी सना आमच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात होती. परळीत घराजवळ चांगली इंग्रजी शाळा असताना ते तिला रोज गाडीवर मागे बसवून आणायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मॅडम, माझ्या शाळेत मीच माझी पोर घालणार न्हाई, तर लोकांनी त्यांची कावून घालावी?"

सनाला नियम घालून दिलेला होता. घरी अब्बा, शाळेत सर. तिनं विचारलं होतं म्हणे, "मग रस्त्यात काय म्हणू?" त्यावर सर म्हणाले, "गाडीवर काहीच म्हणू नको. हेल्मेटात मला ऐकू येत न्हाई."

सना पहिल्या बाकावर बसायची आणि तिच्या शेजारी पायल. पायलचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की अर्धा वर्ग असा ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूरकडे, कर्नाटकात निघून जायचा आणि होळीच्या आसपास परत यायचा. आलेली पोरं उन्हानं रापलेली, आणि भागाकार, अपूर्णांक सगळं विसरलेली असायची. वर्गात मान वर करायची नाहीत.

त्यांच्यासाठी सर उजळणी घ्यायचे आणि ती कायम भूमितीपासून. "आधी भूमिती," ते म्हणायचे. "बाकी सगळं विसरतं माणूस. ही डोळ्याला दिसते." मग त्रिकोण कुठं कुठं पाहिला, असं विचारायचे. वर्षभर शाळेत बसलेली पोरं पुस्तकातलं सांगायची आणि ऊसतोडीहून आलेलं एखादं पोर हळूच म्हणायचं, "सर, आमची कोपी." उसाच्या फडाजवळची ती बांबूची आणि पाचटाची झोपडी. सर लगेच फळ्यावर कोपी काढायचे, तिला बाजू, कोन, शिरोबिंदू द्यायचे. त्या दिवसापासून ते पोर मान वर करून बसायचं.

दोघी पाचवीत होत्या त्या वर्षी पायल दिवाळीनंतर गेली. पुढे थंडीत सनाला ताप आला. आधी परळीत दाखवलं, मग अंबाजोगाईला नेलं. तिथून ती परत आली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा सनाची आई भिंतीला टेकून बसली होती आणि शेजारच्या बायका तिला पाणी पी म्हणत होत्या. सरांनी माझ्यासाठी खुर्ची आणली, स्वतः उभे राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मॅडम, पाचवीचे अपूर्णांक राहिलेत."

"होतील, सर."

"हां. होतील." मग त्यांनी आलेल्या कुणालातरी बसायला जागा करून दिली.

ते लवकरच शाळेत रुजू झाले. दारात थांबले नाहीत. सरळ आत गेले, फळ्यावर तारीख लिहिली आणि धडा सुरू केला. पोरं काही दिवस रोज दाराकडे बघत राहिली, मग तीही बघेनाशी झाली. पार्टिशनपलीकडून त्यांचा आवाज यायचा तो पुस्तक मोठ्यानं वाचल्यासारखा. शिकवण्यात चूक काही नव्हती. परळीच्या वीज केंद्रातल्या राखेच्या गाड्या रस्त्यानं जात राहायच्या, बाकांवर बारीक राख बसायची, सर ती फडक्यानं पुसायचे आणि पुढचं उदाहरण घालायचे. मी एकदा मुद्दाम सतराचा पाढा चुकवला. पुन्हा चुकवला. पलीकडून काही आवाज आला नाही.

सनाच्या आईनं मला एकदा फोन केला. "मॅडम, हे झोपत न्हाईत. खुर्चीवर बसून ऱ्हातात. रडत बी न्हाईत. तुमी काय तरी बोला ना."

मधल्या सुट्टीत आम्ही समोरासमोर डबे खायचो. ते भाकरी संपवायचे, डबा धुऊन आणायचे. मी विचारलं, "सर, जरा रजा घेता का?" ते म्हणाले, "घरी काय करू?"

होळी झाली, ऊसतोडीची पोरं परतली. सरांनी उजळणी सुरू केली. पायल जरा उशिरा आली. सनाचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती थेट आपल्या बाकावर जाऊन बसली, अर्धी जागा सोडून. फळ्यावर रेषाखंड चालू होता. पार्टिशनमधून मला तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"सर, सना आली न्हाई का आज?"

मी उठून त्यांच्या दारापर्यंत गेले. सरांच्या हातात फळ्यावरची मोठी पट्टी होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली.

"सना न्हाई आता, पायल. थंडीत तिला ताप आला. वारली ती."

पायल त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं शेजारच्या जागेकडे बघितलं. "मग मी कुठं बसू?"

"तिथंच बस. तुझी जागा हाय ती."

"एकटी?"

सर येऊन त्या बाकावर तिच्या शेजारी बसले. गुडघे आत मावेनात म्हणून आडवे वळून बसले. "चल," ते चौथीतल्या एका मुलीला म्हणाले, "फळ्याकडे जा. रेषाखंड तू शिकव आज. आमी दोघं लिहून घेतो."

आणि उजळणी तशीच चालू झाली. रोज एकेका पोरानं फळ्याजवळ जायचं, शिकवायचं, आणि सर पायलच्या शेजारी बसून सगळ्यांसारख्या आकृत्या काढायचे. पोरं भलतीच कडक शिक्षक निघाली. पायलची पाळी आली तेव्हा तिनं समांतर रेषा घेतल्या. "ज्या कधी एकमेकींना भेटत न्हाईत, त्या," तिनं सांगितलं आणि पट्टी सरांकडे रोखली. "सर, तुमी सांगा बरं परत."

सरांनी उत्तर दिलं नाही.

"सर, ध्यान कुठं हाय तुमचं?"

वर्ग हसला. मीही अलीकडे हसले. पण हसणं मधेच बंद पडलं म्हणून मी पुन्हा दाराशी गेले. सर बाकावर डोकं टेकून झोपले होते. हातातली पेन्सिल तशीच होती. पाठ संथ वरखाली होत होती. पायलनं तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजत्या आवाजात पुढं शिकवायला लागली. सगळा वर्ग कुजबुजत उत्तरं द्यायला लागला.

नेमके त्याच दुपारी केंद्रप्रमुख तपासणीला आले. सेवानिवृत्तीला टेकलेले, फटकळ गृहस्थ. वर्गात मोबाइल बघणाऱ्या एका शिक्षकाला त्यांनी पोरांसमोर झापलेलं मी पाहिलं होतं. मी लगबगीनं म्हटलं, "साहेब, आधी माझा वर्ग बघा ना." ते म्हणाले, "बघतो," आणि चौथी-पाचवीच्या दाराकडे वळले.

पायलनं त्यांना बघितलं. ती घाबरली, पण जागची हलली नाही. हळूच म्हणाली, "सर झोपलेत. उजळणी चालू हाय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सनाचे वडील, साहेब." त्यांना ठाऊक होतं. मग बुटांचा आवाज होतो म्हणून त्यांनी वाकून बूट काढले, मोज्यांवर आत गेले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांनीही कुजबुजत विचारलं, "वर्तुळाची सगळ्यात मोठी जीवा कोणती?"

"व्यास," वर्ग श्वासाच्या आवाजात म्हणाला.

शाळा सुटायची घंटा त्या दिवशी मी वाजवू दिली नाही. पोरं एकेक करून बाहेर गेली. सर जागे झाले तेव्हा व्हरांड्यात ऊन तिरपं झालं होतं. त्यांनी मला विचारलं, "कोणी आलं होतं का?"

"न्हाई, सर."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी बदली मागून घेतली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, चकलांब्याच्या बाजूला. सनाच्या आईला परळीच्या घरात राहवत नव्हतं. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. त्यांच्या जागी तरुण शिक्षक आले. चांगले आहेत, पोरांत रमतात.

मध्यंतरी बीडला एका प्रशिक्षणात सर भेटले. केस कानशिलांवर पांढरे झालेले. चहाच्या सुट्टीत आम्ही पायऱ्यांवर बसलो. मी पायलचं सांगितलं, ती यंदा ऊसतोडीला न जाता आजीकडे राहून शिकतेय म्हणून. "बरं झालं," ते म्हणाले. झोप लागते का विचारलं. "लागते कधी कधी."

मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "तिकडं मी कुणाला सांगितलं न्हाई, मॅडम. पोरं विचारतात, सर, तुमाला मुलं किती? मी म्हणतो, एक मुलगी हाय. मग विचारतात, कितवीला?"

मी उरलेला चहा पिऊन टाकला.

"पाचवीला म्हणतो. गेल्या वर्षी बी पाचवीलाच म्हणलं. पोरं लहान हायत, त्यांच्या ध्यानात येत न्हाई."

आतून प्रशिक्षकांनी हाक मारली. सरांनी माझा रिकामा कप माझ्या हातातून घेतला, आपल्या कपात घातला आणि ते पायऱ्या चढून आत गेले.