घरी काय म्हणतेत?

"घरी काय म्हणतेत याइले?"

अतिदक्षता विभागात नवा पेशंट आला की सिस्टरचा नातेवाइकांना पहिला प्रश्न हाच. फाइलवर नाव, आडनाव, वय, गाव सगळं लिहिलेलं असायचं. तिला ते पुरत नसे. उत्तर मिळालं की ती खिशातल्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा फाडायची, निळ्या पेनानं त्यावर घरचं नाव लिहायची आणि खाटेच्या उशाशी चिकटवून टाकायची. मग त्या खाटेवरचा माणूस 'दोन नंबर' राहत नसे. तो नानी व्हायचा, भाऊजी व्हायचा, गोलू व्हायचा. साठीतल्या एका झुपकेदार मिशांच्या पाटलाच्या उशाशी 'छकुला' लिहिलेलं मी दाराच्या काचेतून पाहिलं आहे. त्याची आई जिवंत होती, आणि तिनंच ते सांगितलं होतं.

मी त्या दाराचा गार्ड. वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात सहा वर्षं झाली, बोरगाव मेघेहून येतो आणि उभा राहतो. काम एकच, माणसं अडवणं. सकाळी अकरा ते साडेअकरा, संध्याकाळी पाच ते साडेपाच, एका पेशंटमागे एक नातेवाईक. बाकी वेळी यमाशिवाय कोणाला प्रवेश नाही, असं आम्ही गार्ड आपसात म्हणायचो आणि हसायचो. आता ते हसणं आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

दयाळू नर्स म्हणजे हळू बोलणारी, हसरी बाई, असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. ही हिंगणघाटची. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये होता, आणि यंत्रांच्या वरताण ओरडायचा त्याचा आवाज हिच्याकडे आला होता. एकदा एका शिकाऊ डॉक्टरानं घाईत "चार नंबरचं बीपी पाहा" म्हटलं, तर ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चार नंबर काय? फलाट होय का तो?" तो बिचारा आठवडाभर पट्ट्या वाचून मगच तोंड उघडायचा.

आणि बेशुद्ध माणसांशी ती बोलायची. "नानी, कूस बदलवून राह्यली बरं मी. हात थंडा लागन." "भाऊजी, नळीतला कफ काढून राह्यली, थोडं खोकला येईन." एक नवी पोरगी हे ऐकून तोंडाला रुमाल लावून हसली. सिस्टर तिच्याकडे वळलीसुद्धा नाही. "तुह्या अंगाले कोनी न सांगता हात लावला त चालन का तुले?" एवढंच म्हणाली. त्या पोरीनंही दुसऱ्या दिवसापासून सांगून सुई टोचायला सुरुवात केली. घरी पंचशील म्हणणारी बाई, पण कोणाचा अंगारा असो की कोणाचा ताईत, प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली नीट ठेवायची. वर मला बजावायची, "भाऊ, हसाचं नाई. त्याइचा जीव टांगनीले लागला हाय."

आर्वी डेपोचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले, मेंदूत रक्तस्राव होऊन. सोबत बायको. मूलबाळ नाही. सिस्टरनं नेहमीचा प्रश्न विचारला. मावशी पदराचं टोक पिळत म्हणाली, "मी त काईच म्हनत नाई. नवऱ्याचं नाव कशी घेऊ?"

"मंग हाक कशी मारता?"

"आयकलं का, म्हनतो. बस."

सिस्टरनं पट्टी फाडली आणि त्यावर 'आयकलं का' लिहिलं. चेष्टा नव्हती ती. त्या दिवसापासून आतल्या सगळ्या नर्स त्या माणसाला 'आयकलं का' म्हणूनच हाक मारू लागल्या, आणि मी दाराबाहेर पोट धरून हसलो.

पण सिस्टरचं मन भरलं नाही. रोज दुपारी ती दार उघडून मावशीला खूण करायची. "या मावशी, आमची हाक त्याइले ओयखू येत नाई. तुमी मारा." वेळ नसायची. मी कुरकुरायचो आणि रजिस्टरमध्ये मुद्दाम पाच वाजता लिहायचो. चौथ्या दिवशी मावशी हाक मारायला वाकली आणि त्या माणसानं डोळे किलकिले केले. मावशी बाहेर आली. सिस्टर तिला म्हणाली, "आयका मावशी. तब्येत लय नाजूक हाय, मी खोटं नाई सांगत. पन येळ आली त बोलवीन तुमाले. एकट्याले नाई जाऊ देनार त्याइले." मावशीनं मान डोलावली आणि तेव्हापासून ती जेवायलाही जिना उतरली नाही. दाराबाहेरच्या बाकावरच बसून राहिली.

मग तो तपासणीचा दिवस आला. बाहेरून साहेब येणार, दवाखान्याला चांगलं प्रमाणपत्र मिळणार. आदल्या दिवशी भिंतीवर एक चकचकीत बोर्ड लागला, 'आपुलकी हीच आमची ओळख'. त्या बोर्डाखालीच आमच्या सुपरवायझरनं मला दम भरला, "एकबी नातेवाईक आत दिसला त उद्यापासून घरी बसजो."

दुपारचे सव्वातीन. साहेब आत, पायात निळ्या पिशव्या घालून फिरत होते. मावशी नळावर तोंड धुवायला गेली होती. सिस्टर दाराशी आली. "भाऊ, मावशीले लगेच आत पाठवा. बीपी उतरून राह्यलं त्याइचं, येळ आली." मागून मशीन वाजू लागलं तशी ती आत धावली.

मावशी आली. मी तिला म्हणालो, "थोडं बसा मावशी. साहेब लोक आत हायेत." ती बसली. का बोलावलं हे मी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. वीस मिनिटं. घड्याळ माझ्या समोरच होतं. सिस्टरनं काय सांगितलं ते मला नीट कळलं होतं, आणि तरी मी रजिस्टर चाळत उभा राहिलो. नोकरीची भीती होती म्हणा. तुम्ही समजून घ्याल कदाचित. मी घेत नाही.

साहेब निघाले. सिस्टर बाहेर आली. बाकावर बसलेल्या मावशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मावशीचा हात धरून तिला उठवलं आणि मला म्हणाली, "तू बी चाल. बूट काढ." सहा वर्षांत तिनं मला 'तू' म्हटलं नव्हतं, आणि सहा वर्षांत मी त्या दाराच्या आत खाटेपर्यंत गेलो नव्हतो.

मशीन बंद होतं. पट्टीवरची हाक मावशीसाठी राखून सिस्टर त्या माणसाच्या कानाशी वाकून नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "दादा, मावशी आल्या बरं."

मावशीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "आयकलं का," ती म्हणाली, "मी भायेरच होती."

बाहेर आल्यावर मी काहीतरी पुटपुटलो. सिस्टरनं ते पुरं होऊ दिलं नाही. "काऊन भायेर होती, हे तिले तू सांगजो. मी नाई सांगत."

मी सांगितलं नाही. सिस्टरनं मात्र तिच्या रिपोर्टबुकात घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. तपासणीच्या दिवशीचं रिपोर्टबुक! ऑफिसात गोंधळ उडाला. दोन दिवसांनी माझ्यासमोर टाइप केलेला कागद आला. 'सिस्टरांनी मला नातेवाइकास आत सोडण्याची कोणतीही सूचना दिली नव्हती.' म्हणजे पेशंटच्या माणसाला बोलवायचं सिस्टरच विसरली. मी सही केली. मराठीत, पूर्ण नावानं.

वीस वर्षं मरणाऱ्या माणसांच्या उशाशी उभी राहिलेली बाई चादरींच्या स्टोअरमध्ये बसवली गेली. महिनाभरात तिनं राजीनामा दिला. खाटांवरच्या पट्ट्या स्पिरिट लावून खरवडून काढल्या, डाग दिसतात म्हणून. आता आत पुन्हा चार नंबर, सात नंबर. बोर्ड अजून आहे, रोज पुसतात. मी तो रोज वाचतो आणि रोज माझं डोकं फिरतं. कोणावर फिरतं, ते विचारू नका.

दिवाळीच्या आधी मावशी आली. हातात कापडी पिशवी, भुईमुगाच्या ओल्या शेंगा. "बाबू, त्या मोठ्या सिस्टर कुठी हायेत? त्याइच्यासाठी आनल्या."

"गेल्या त्या. नोकरी सोडली."

"काऊन?"

खोटं तोंडाशी आलं होतं. पण त्या बाईनं बाकाकडे पाहिलं, त्याच जागेकडे, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. सव्वातीन वाजता सिस्टर आली होती ते, वीस मिनिटांचं, कागदाचं, सहीचं.

मावशीनं दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "तवा जित्ते होते ते?"

"हो."

तिनं हातातली पिशवी सावरली. "मंग ह्या शेंगा तुह्यासाठी नाई," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.