बसकी गाडी

चहा थोडा निवू द्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हा मूर्खपणा दुसऱ्या कुणाचा असता, तर मी तो तासभर रंगवून सांगितला असता. माझाच आहे, त्यामुळे लवकर उरकतो.

मी जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं. दुकानाच्या पाटीवर एक वेलांटी चुकली तरी मी आत जाऊन सांगून येतो. नगरला आमच्या सावेडीतले निम्मे दुकानदार मला लांबून बघून शटर ओढतात म्हणे. ओढोत बापडे! भाषा ही काही सोम्यागोम्याची गोष्ट नाही.

तर दिवाळीत आम्ही खर्ड्याला, माझ्या सासुरवाडीला गेलो होतो. माझ्या मेहुण्याने, भाऊसाहेबाने, नवी गाडी घेतली होती. गाडी कसली, माडीच ती! पांढरीफेक, आणि उंच इतकी की चढायला शिडी लागावी. खताचं दुकान चालवणाऱ्या माणसाला एवढं वर बसून बघायचं तरी काय असतं? आम्ही एसटीतून उतरलो, तर हा चार लोकांसमोर मला म्हणतो, "दाजी, तुमाला आपली एसटीच बरी. मास्तर मानसाला काय करायचीय गाडी?"

झालं! डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, आता गाडी घ्यायचीच. दोन महिन्यांनी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. त्या मांडवासमोर अशा गाडीतून उतरायचं की सगळं खर्डं त्या माडीकडे पाठ करून माझ्याकडे बघेल. बाकी मला आयुष्यात काही नको होतं.

भिंगारला शब्बीरभाई म्हणून एक गॅरेजवाले आहेत. त्यांच्याकडे ती उभी होती. लालभडक, दोन दारं, दोनच माणसांची जागा, जुनी पण खरीखुरी स्पोर्ट्स कार! रविवारी गॉगल लावून फिरायला काढावी अशी. आणि जमिनीला इतकी लागून, की मांजरसुद्धा खालून गेलं नसतं.

"सर, आदीच सांगतो," शब्बीरभाई म्हणाले, "गाडी बसलीय."

मला त्यांची कीव आली हो! इतकी वर्षं गाड्यांत घालवली आणि साधं विशेषण येत नाही?

"बसलीय नाही, शब्बीरभाई, बसकी आहे म्हणा. स्पोर्ट्स कार बसकीच असते."

"ते आसंल सर. पन ही बसलीय."

"बसकी!"

"सर, लई बसलीय."

"मग मला बसलेलीच हवी!" मी म्हणालो. "उंच गाड्या अडाण्यांना आवडतात."

शब्बीरभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे, आणि किल्ली हातात दिली. मी त्यांना क्रियापद आणि विशेषण यातला फरक समजावूनच घरी आलो. फुकट शिकवणी!

बायकोने, सुमनने, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही रुतलीय का हो?" मी गॉगल पुसायला घेतला. शेवटी भावाची बहीणच ती.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी निघालो. सुमन पैठणी नेसून शेजारी, मी गॉगल लावून. पहिल्याच गतिरोधकावर खालून 'खर्रर्र' आवाज आला. "थोडं घासतंच," मी म्हणालो. दुसऱ्यावर गाडी चढेचना. मग सुमन उतरली, गाडी चार बोटं वर आली आणि निघाली. चला, युक्ती सापडली!

आता मला सांगा, नगरपासून खर्ड्यापर्यंत गतिरोधक किती? नाही ना माहीत? माझ्या बायकोला विचारा. तिने ते सगळे पैठणी सावरत पायी ओलांडलेत.

एका गावात पारावर बसलेल्या म्हातारीने तिला हटकलं. "का गं बाई, उतरीवलं व्हय तुला?"

सुमनचा पारा तोपर्यंत पार चढलेला. ती म्हणाली, "व्हय मावशी. दर गावाला उतरवत्यात."

बास! पाच मिनिटांत गाडीभोवती गर्दी. एक धोतरवाले आजोबा बॉनेटवर हात ठेवून उभे. "शिकल्याली मानसं तुमी. चांगल्या घरच्या बाईला आसं रस्त्यात उतरीवता?"

"अहो, गाडी बसकी आहे, वजन कमी करावं लागतं..."

"म्हंजी बायको जड झाली म्हना की सरळ!"

सगळा पार हसला. आणि सुमन? ती त्या म्हातारीशेजारी बसून पाणी पीत होती! वाईट वाटलं मला. त्या लोकांबद्दल. म्हटलं, यांनी स्पोर्ट्स कार बघितलीय कधी?

असं करत करत खर्ड्याच्या वेशीवर आलो. किल्ला दिसायला लागला. शेवटचाच गतिरोधक उरला होता. सुमन सवयीने उतरली. मी गाडी चढवली आणि ती तिथेच बसली. पुढे जाईना, मागे येईना, चाकं नुसती फिरतायत! साखरपुड्याचे सगळे पाहुणे आमच्या बाजूने गाड्या हळू करून, बघून, पुढे गेले. खर्ड्याने माझ्याकडे बघावं एवढीच इच्छा होती ना? बघितलं.

मग माडी आली. मी खिडकीतून बघितलं, तर मला भाऊसाहेबाचे फक्त गुडघे दिसले.

"दाजी," गुडघे म्हणाले, "खाली काय करताय?"

त्याने दोर बांधून गाडी ओढत स्टँडवरच्या गॅरेजात नेली. पाच-पन्नास लोक मागे. मिस्त्री वाकला, खाली हात घातला आणि उठून म्हणाला, "बसलीय."

"बसकी!" मी ओरडलो. शिक्षक मरेपर्यंत शिक्षक.

"बसकी न्हाई वो, बसली! स्प्रिंगा बसल्यात हिच्या. मूळची ही वीतभर वर आसती."

मी रागाने शब्बीरभाईंना फोन लावला आणि चार साक्षीदार असावेत म्हणून स्पीकरवर ठेवला. माझी अक्कल! "तुम्ही मला फसवलंत! स्प्रिंगा बसल्यात हे सांगितलं नाहीत!"

"तीनदा सांगितलं, सर," पलीकडून शांत आवाज आला. "तुमीच म्हनले, बसलेलीच पायजे. मला वाटलं, मराठीचे सर हायेत, त्यांला मराठी कळत आसंल."

गॅरेजात जो हशा उठला, तो मांडवापर्यंत ऐकू गेला म्हणे. आणि मी? धंदा बसणे, भिंत बसणे, घसा बसणे... दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो मी पोरांना!

मांडवात भाऊसाहेबाच्याच गाडीतून गेलो. त्याने चढायला प्लास्टिकचं स्टूल लावलं. मुकाट्याने चढलो.

पंगतीत वाढताना तो पाहुण्यांसमोर म्हणाला, "दाजी, आज गप गप का?"

मी तोंड उघडायच्या आत सुमन म्हणाली, "घसा बसलाय त्यांचा." आणि जिलेबीचा तुकडा मोडत, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, "बसका नाही हं, बसलाय."