आईच्या नायिकेची चाल

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बाबांनी नवा टीव्ही घ्यायचं ठरवलं. "तुला आता स्वच्छ दिसतं, मग पाहायलाही तसंच पाहिजे," असं तिला सांगून ते मला बरोबर घेऊन इंदिरा नगरच्या बाजारात निघाले. वर्ध्याहून सरकारी नोकरीतल्या बदलीवर ते लखनौला आले होते आणि निवृत्त झाल्यावर इथलेच होऊन गेले. खरेदीच्या बाबतीत मोठ्या आकड्यावर त्यांचा फार विश्वास. एका खोक्यावर ठळक अक्षरांत २४० लिहिलेलं दिसलं आणि ते तिथेच थांबले.

"ये क्या है, भैया?"

"मोशन है, अंकल. पिक्चर मक्खन जैसी चलेगी," दुकानदार म्हणाला.

हे 'मक्खन' बाबांना इतकं आवडलं की घरी येताना त्यांनी ते ई-रिक्षावाल्यालाही ऐकवलं. शेजारचे मिश्राजी वगैरे मंडळी चहाला आली, त्यांच्यासमोर क्रिकेट लावून बाबा स्वतः बाजूला उभे राहिले, जणू खेळपट्टी त्यांनीच तयार केली होती.

आईचा एक आवडता जुना कृष्णधवल सिनेमा आहे. लग्नाआधी नागपूरला तिने तो आपल्या थोरल्या बहिणीबरोबर पाहिला होता, आणि पुढे जेव्हा जेव्हा मिळाला तेव्हा पुन्हा पाहिला. त्यात नायिका कठड्यावर हात ठेवून जिना उतरते. त्या प्रसंगाला आई हातातली भाजीसुद्धा खाली ठेवते. नव्या टीव्हीवर तो प्रसंग आला तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"ही अशी चालत नव्हती," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"हिची चाल बदलली. घसरल्यासारखी उतरून राहिली."

बाबा हसले. "अगं, आतापर्यंत तू मोतीबिंदूतून पाहत होतीस. खरी चाल आत्ता दिसली तुला!"

आईने खाली ठेवलेली भाजी पुन्हा हातात घेतली. त्यानंतर मात्र तिने तो सिनेमा लावायला सांगणं सोडलं. मालिका पाहतानाही मधेच उठून जायची. एका दुपारी मी माझ्या घरून त्यांच्याकडे गेले, तर ती टीव्हीसमोर एकटीच बसली होती. आधी एका डोळ्यावर पदर धरून पाहिलं, मग दुसऱ्यावर. मी दिसताच पदर सोडला आणि म्हणाली, "चहा टाकते."

मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाले, "आँख तो बहुत बढ़िया है, माताजी." मला हायसं वाटलं. आईचा चेहरा मात्र उतरला. बाहेर आल्यावर तिने माझा हात घट्ट धरला.

"डोळे बरे आहेत, मग डोकंच बिघडलं ना माझं? ताईसारखं?"

तिची थोरली बहीण, माझी मावशी, शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशी झाली होती. पोटच्या मुलाला तिने "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारलं होतं. आई इतके दिवस या भीतीत होती आणि आम्ही समजत होतो, तिला नवा टीव्ही रुचला नाही.

मी तिला तशीच माझ्या घरी, विकास नगरला नेलं. जेवणं झाल्यावर माझ्या जुन्या टीव्हीवर तिचा सिनेमा लावला. जिन्याचा प्रसंग आला आणि आई पुढे सरकून बसली.

"हो! हीच ती. पाहा, कशी थांबत थांबत उतरते."

मी तिला परत सोडायला गेले तेव्हा बाबांच्या टीव्हीवरही तोच प्रसंग लावला, आणि या वेळी मी खरोखर पाहिलं. बाई तीच, जिना तोच, पण सगळं इतकं गुळगुळीत झालं होतं की कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ चालल्यासारखं वाटत होतं. आई बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेले. आईची हकिगत ऐकून दुकानदार थोडा ओशाळला. त्याने सांगितलं ते असं. साधा पडदा एका सेकंदात साठ वेळा चित्र बदलतो, आणि आमच्या टीव्हीचाही साठचाच होता. पडद्यामागच्या दिव्याची उघडझाप, आतली करामत असं सगळं जमेला धरून कंपनी खोक्यावर २४० छापते. जुना सिनेमा तर सेकंदाला चोवीसच चित्रांचा. दोन चित्रांच्या मधली चित्रं टीव्ही स्वतःच्या मनाने तयार करून भरतो.

"मतलब जो शूट ही नहीं हुआ, वो भी दिखाता है?"

"जी. सेटिंग में बंद हो जाता है, मैडम. कोई पूछता ही नहीं."

संध्याकाळी मी ती सेटिंग बंद केली. नायिका जिना उतरली, तिच्या नेहमीच्या चालीने. आईने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे पुसले. मी बाबांना सगळं समजावून सांगितलं. २४० खोटं निघालं याचं त्यांना वाईट वाटेल, ते दुकानदारावर चिडतील, असं मला वाटलं होतं. पण त्यांनी रिमोट बाजूला ठेवला आणि ते आईकडे वळले.

"मला काऊन नाही सांगितलंस?"

"एवढ्या हौसेनं आणला होता तुम्ही," आई म्हणाली. "आणि सांगितलं असतं, तर तुम्हीही घाबरले असते."

बाबांनी कधीच तो सिनेमा पूर्ण पाहिला नव्हता. त्यांना गाणी लांबलचक वाटायची. त्या दिवशी मात्र त्यांनी आपली खुर्ची आईच्या पलंगाजवळ ओढली आणि म्हणाले, "पहिल्यापासून लाव." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. बाहेरून बाबांचा आवाज येत होता, "हा कोण? हिचा भाऊ का?" आणि आई न थकता सांगत होती, कोण कोणाचं, कोण पुढे फसवणार, आणि कुठल्या गाण्याला ताई तिच्या शेजारी बसून रडली होती.