गळ्याचा साचा

समस्त स्त्रीवर्गाला गांभीर्याने कळवतो की, मल्लेश्वरममधल्या एका शिवणकाम करणाऱ्या अक्कांचा ब्लाउजच्या गळ्याचा एकुलता एक कागदी नमुना फाटायला आला होता. कायमचा साचा करायला त्यांनी तो ॲक्रिलिकवर चिकटवून पाट्या कापणाऱ्याच्या दुकानात आणला होता. मी मेव्हण्याबरोबर तिथं दाराची पाटी करायला गेलो होतो.

कारागिराची बारीक पात्याची विजेची करवत घसरली असती, तर साचा आणि कागद दोन्ही गेले असते. गळ्याच्या गोलाईबरोबर अक्कांची मान वळत होती.

“निधान, अण्णा, निधान!” त्या कळवळल्या. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश.

साचा अखंड सुटला. अक्कांनी पदरानं डोळे टिपले. पुण्याहून कालच आलेल्या माझ्या मेव्हण्यानं हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, “अरेरे! कोणाचं?”