साल नसलेलं टरबूज

माझी बायको गेली तेव्हा तिच्या उशाशी टरबुजाच्या पाच चकत्या पुऱ्या झालेल्या होत्या आणि सहावी अर्धी होती. या चकत्या ग्लासाखाली ठेवायच्या असतात. क्रोशाच्या सुईनं दोऱ्याच्या विणतात. शहरातले लोक त्याला कोस्टर म्हणतात. ग्लास ठेवला की टेबलाला डाग पडतो, म्हणून खाली हे ठेवायचं. आमच्या घरी टेबल नाही. आम्ही गडव्यानं पाणी पितो आणि गडवा जमिनीवर ठेवतो. जमिनीला काही होत नाही.

पण नातिणीचं लग्न जुळलं होतं आणि रुखवतात आजीच्या हातचं काहीतरी पाहिजे, असं सून आणि साळी दोघींनी मिळून ठरवलं. साळी म्हणजे बायकोची लहान बहीण. तिनं मोबाईलवर फळं दाखवली. संत्र्याची फोड, लिंबू, आणखी एक हिरवं फळ, ज्याचं नाव तिलाही आलं नाही. बायको पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "टरबूजच करतो."

त्याला कारण होतं. आम्ही धिवर. वैनगंगेचं पाणी उतरलं की रेतीत आमची टरबुजाची वाडी असे. मी मासोळीच्या मागं, ती वाडीवर. उन्हाळाभर तिथंच झोपडी घालून राखण करायची. रानडुकरं यायची, कोल्हे यायचे, आणि त्यांच्यापेक्षा वाईट म्हणजे नातेवाईक यायचे, फुकटचं खायला. ती सगळ्यांना हाकलायची. टरबुजाला टिचकी मारून आतला रंग सांगायची. तिला चित्र पाहून विणायची गरज नव्हती. मधून लाल सुरू करायचं, गोल गोल फेऱ्या वाढवत न्यायच्या, मग पांढरी फेरी, मग हिरवी साल. शेवटी काळ्या दोऱ्यानं बिया.

सहाव्या चकतीचं लालच तेवढं झालं होतं.

ती गेल्यावर लोक आले. मला कोणी आलेलं आवडलं नाही. चहा प्यायचे, आपापल्या पोराच्या नोकरीचं बोलायचे, निघताना तोंड पाडायचे. एकानं तर पाचातली एक चकती उचलून तिच्यावर कप ठेवला. मी कप उचलून त्याच्या हातात दिला. "धरून ठेवा," म्हटलं. सुनेला ते लागलं. लागू दे.

तेरवीनंतर तिची लुगडी वाटली. सून विचारत गेली, मी मान हलवत गेलो. लुगड्यांचं मला काही नव्हतं. ती अर्धी चकती मात्र मी भिंतीतल्या देवळीत ठेवली होती, सुई तिच्यात अडकलेली तशीच. बायकोनं शेवटचा टाका घेऊन जशी खाली ठेवली तशी.

लग्न जवळ आलं तशी साळी येऊन बसली.

"भाऊजी, द्या ते इकडं. पुरं करून टाकतो."

"नाई."

"मेलेल्या मानसाचं अर्धं काम घरात ठेवत नाई."

"कोन सांगतलं?"

"म्हनतात लोक."

"म्हननाऱ्याले घेऊन ये."

तेवढ्यात सुनेनं देवळीतून चकती काढून तिला दिलीही होती. या बायकांचं असंच असतं. तुम्ही एकीशी भांडत असता आणि काम दुसरीनं केलेलं असतं. साळीनं ती दाराच्या उजेडात धरली, उलटी केली, बोटानं चाचपली.

"ह्या शेवटच्या फेऱ्या पाहा न, किती ढिल्या झाल्या. हात कापत असन बाईचा. उसवा लागते इतक्या. मंग मी नव्यानं घेतो."

मी पाहिलं. मला तोवर कळलंच नव्हतं. मधले टाके घट्ट, एकाला एक चिकटलेले, तिच्या स्वभावासारखे. बाहेर येता येता सैल पडत गेलेले. म्हणजे त्या फेऱ्या दवाखान्यातून घरी आणल्यानंतरच्या. डॉक्टर घरी घेऊन जा म्हणाले होते, तेव्हाच्या. ती एक टाका घ्यायची, थांबायची, दाराकडं पाहायची. मी बाजूला बसून जाळं सांधायचो. बोलायचो नाही फार. ती म्हणायची, "नदीले किती पानी आहे?" मी सांगायचो. मग पुढचा टाका.

साळीनं सुई काढली आणि दोरा ओढला.

एक टाका गेला. दुसरा गेला. मग सुर्र करून निघतच चालले. मी जन्मभर जाळी विणली. जाळ्यात प्रत्येक घराला आपली गाठ असते. फाटलं तर फाटलं तिथंच फाटतं, बाकीचं जाळं मासोळी धरतं. इथं गाठच नाही. सगळं दोऱ्याच्या त्या एका फाशावर टांगलेलं आणि तो फासा साळीच्या बोटात.

मी चकती हिसकली. दोरा थुंकीनं ओला केला, फाशातून घेतला आणि जाळ्याची गाठ मारली. दातानं आवळली. ती गाठ नदीतल्या खोडाला अडकली तरी सुटत नाही. पण फासा आवळला तशी चकती एका बाजूनं गोळा होऊन वाटीसारखी वाकली.

"हे काय केलं तुमी?"

"गाठ मारली."

"क्रोशात असी गाठ मारतेत काय? आता हे पुढंही जात नाई अन् मागंही जात नाई."

"मले तेच पाह्यजे."

"धिवर तो धिवरच," साळी म्हणाली.

"अन् तुहा बाप काय हवेत मासोळ्या मारे?"

सून मधे आली. "मामाजी, पोरीच्या लग्नाचं आहे. पाच कसे मांडाचे? इहीन काय म्हनन?"

"सांगजो, सहावं मासोळीनं नेलं."

साळी चहा न पिता गेली. चहा माझ्यासाठी उरला.

लग्न सावली गावात होतं. हॉलमध्ये रुखवत मांडलेलं. लाडू, चकल्या, मण्यांचे मोर, आणि कोपऱ्यात चकत्या. मोजायची गरज नव्हती, पाहिल्याबरोबर दिसल्या. सहा होत्या. पुढं पुठ्ठ्यावर लिहिलेलं: आजीच्या हातचं.

सहावी मी लगेच ओळखली. सपाट, मापातली, बिया सारख्या अंतरावर. बायकोच्या बिया कुठंही असायच्या, खऱ्या टरबुजात असतात तशा. मी ती चकती उचलली. नवरदेवाकडची एक बाई म्हणाली, "आजोबा, रुखवत पाहाचं राह्यते, उचलाचं नाई."

"तुमचं काम करा," मी म्हटलं.

नातीण हळदीच्या अंगानं धावत आली. "आजा, ठेवा ते."

"हे आजीच्या हातचं नाई."

"माहीत आहे मले. मावशीआजीनं केलं. माह्यासाठीच केलं न?"

"मंग तसं लिव्ह. तुही आजी त्यात आली नाई. तिचं तिचं आहे, हिचं हिचं आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग फोटोवाल्याच्या खिशातला पेन काढला आणि पुठ्ठ्यावर खाली लिहिलं: पाच आजीचे, एक मावशीआजीचं. मी चकती परत ठेवली. जागेवर नाही, जरा बाजूला.

साळी खांबाशी उभी राहून सगळं पाहत होती.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

"नाई."

"नाईच होनार तुमचं."

हे ती खरं बोलली. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही आणि मला त्यात काही कमी वाटत नाही.

गाठवाली चकती आता परत देवळीत आहे. वाकलेली आहे, तिच्यावर ग्लास राहणार नाही. मी तिच्यात सुई ठेवतो. घरी येणाऱ्याची नजर तिथं जातेच. "हे काय आहे?" विचारतात. मी सांगतो, टरबूज.

"अन् साल कुठी आहे याची?"

"काऊन? तुले खाचं आहे?"

मग तो पाणी पितो आणि गडवा जमिनीवर ठेवतो.