एक कोटी एक

सरांनी फळ्यावर लिहिलं. १,००,००,००१. म्हणाले, ही अविभाज्य संख्या, स्वतः आणि एक सोडून हिला कशानेच भाग जात नाही, वहीत उतरवून घ्या.

मी उभी राहिले. जळगावच्या कॉलेजात येऊन दोनच महिने झाले होते. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली वर्गात मी एकटी. मनातलं तसंच तोंडातून निघालं.

"सर, याले अकरानी भाग जास."

वर्ग हसला. सरही हसले. मग म्हणाले, "आधी मराठी शिक. सवलतीच्या जागेवर आलीस ना? गप्प बसून शिकायचं. म्हण, चुकलं."

चुकलं नव्हतं. एक सोडून एक आकडे घ्यायचे, दोन बेरजा करायच्या. दोन्ही सारख्या आल्या की अकराने भाग जातो. इथे दोन्हीकडे एकेक. आश्रमशाळेतल्या बाईंनी घोटून घेतलं होतं.

"चुकलं, सर," मी म्हणाले. आणि बसले.

लाज एवढीच असती तर विसरले असते. पंधरा दिवसांनी चाचणीत तीच संख्या आली, अविभाज्य की नाही ते लिहा. मी लिहिलं, अविभाज्य. एक मार्क मिळाला. तो मी घेतला.

रविवारी आबांचा, माझ्या वडलांचा, फोन आला. चौथी शिकलेले, दुसऱ्याच्या शेतावर राबणारे. मार्क विचारले. मला राहवेना, सगळंच सांगून टाकलं.

"तुले खरं ठाऊक व्हतं. मंग खोटं काबर लिखं?"

फोन ठेवला तेव्हा कान तापले होते.

सोमवारी वाचनालयात जाऊन बसले. एक कोटी एकला अकराने भागलं. नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव आले, बाकी शून्य. मग त्या भागाकारालाच धरलं. दोनापासून नऊशे त्रेपन्नपर्यंत एकेका अविभाज्य संख्येने भागून पाहिलं. वर्गमूळ तेवढंच, त्याच्यापुढे तपासावं लागत नाही. चार दिवस गेले. कशानेच भाग जाईना. अविभाज्य ही होती. सरांची नव्हे.

शुक्रवारी भर तासाला उत्तरपत्रिका घेऊन पुढे गेले. न विचारता खडू उचलला. आकडे वाकडे आले. भागाकार पुरा केला.

"सर, माझा मार्क कापा. मी खोटं लिहिलंय."

कोणी हसलं नाही. माझ्या बाजूनेही कोणी बोललं नाही. सरांनी फळा पुसला. तोंडी परीक्षेला बघतो म्हणाले, आणि बघितलंही. जेमतेम पास केलं.

मार्क मात्र कापला नाही. तो अजून माझ्या नावावर आहे. आठवला की मान खाली जाते.

एम.एस्सी.चा फॉर्म मी त्याच कॉलेजात भरलाय. तास त्यांचेच असणार. फळ्यावर चुकीचं आलं की मी उभी राहणार. बस म्हणाले तरी बसणार नाही.